मेंदीचे पाय

"पाय वर कर. सगळ्यायले दिसू दे."

खेळाच्या सरांनी मला बाकावर उभं केलं होतं. मी नववीत होते. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, नुकताच आटोपला होता. मायसोबत लोकांच्या बांध्यांमध्ये दिवसदिवस वाकून धानाचे पऱ्हे रोवले होते, गुडघाभर चिखलात. पायांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या होत्या. कातडी पांढरी, फाटलेली. त्यावर मायनं मेंदी थापली होती. आमच्याकडे तेच औषध. त्या दिवसांत रोवणाऱ्या सगळ्या बायांचे पाय लाल असतात.

मी पाय वर केला.

"मेंदी लावून आली पाहा. लगन हाये का वो तुह्यं?"

वर्ग हसला. पहिल्या बाकावर संस्थाचालकाची पुतणी बसायची, ती सगळ्यात मोठ्यानं हसली. तिच्याच घरच्या बांधीत मला ह्या चिखल्या झाल्या होत्या.

माझा गुन्हा काय? तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुलींचा रस्सीखेचीचा संघ निवडत होते. मी हात वर केला. सर मला सोडून पुढे गेले. मी विचारलं, "मले कायले नाही, सर?" बस. एवढंच.

"कायले म्हन्ते. हे पाय रोवन्यातच बरे. दोर ओढाले दूध पेलेल्या पोरी लागते. तुमच्या मोहल्ल्यात दुधाची बकरी तरी हाये का?"

मोहल्ला म्हणजे कोणता, ते सगळ्यांना कळलं. विहाराकडचा. माझ्या आजानं छप्पन साली धम्म घेतला आणि कोणापुढे वाकणं सोडलं. त्याच्या नातीला बाकावर उभं राहून पाय दाखवावा लागत होता. मला रडू आलं नाही. राग आला. रागापेक्षा लाज जास्त वाटली, आणि त्या लाजेचा पुन्हा राग आला.

घरी मायला सांगितलं. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, "लय पुसत नोको जाऊ बाई. पुसनाऱ्याले कोनी कामावर बलावत नाही."

तिचं खोटं नव्हतं. पण मला लहानपणापासून विचारायची खोड. बेंडूक पाण्यात डोळे का मिटतो, चिखलात गाडी फसते तर म्हैस का फसत नाही. मार खाऊनही ती खोड गेली नव्हती. सरांच्या एका टोमण्यानं काय जाणार होती.

दुसऱ्या दिवशी रंजना माझ्याजवळ आली. ती ढिवर मोहल्ल्यातली, माझ्याच वर्गातली. तिचा बाप तलावात मासे धरायचा. मासोळीचा वास येतो म्हणून सरांनी तिलाही घेतलं नव्हतं. म्हणाली, "आपुन आपला संघ करू. दोर माह्या घरी हाये. जाड्याचा." जाडं म्हणजे मासे धरायचं मोठं जाळं.

चार पोरी त्यांच्या, चार आमच्या. रंजनाच्या घरी आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. दोर चालला.

शाळा सुटली की तलावाच्या पाळीवर जमायचो. दोराचं दुसरं टोक रंजनाचे तिघे भाऊ धरायचे. पहिल्या दिवशी त्या तिघांनी आम्हा आठ जणींना फरफटत नेलं. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. हाताची सालटं निघाली.

"काहून असं होऊन राह्यलं?" मी म्हटलं. "आपुन जास्त आहो तरी?"

रंजना पाळीवर बसून हसत सुटली. "तुमी रोवना रोवून राहिल्या वो. जाडं नाही ओढून राहिल्या."

खरंच होतं. रोवण्यात प्रत्येकीची आपापली पात, रोवायचा पट्टा. नजर आपल्या रोपांवर, जिची पात आधी संपली ती भारी. आम्ही चौघी दोरही तसाच ओढत होतो. एक आधी, एक नंतर, प्रत्येकीला दुसरीच्या पुढे जायचं. मोठं जाळं तसं निघत नाही. तिथं एक जण आवाज देतो. त्याआधी कोणी ओढत नाही, आणि दोन आवाजांच्या मध्ये कोणी सोडत नाही.

पण ढिवरांच्या पोरींनाही एक गोष्ट येत नव्हती. त्या काठावर एकाच जागी पाय रोवून ओढायच्या. मागं सरकायची वेळ आली की अडखळायच्या. आम्हाला तर दिवसभर मागं मागंच जायची सवय. मान न वळवता, आधी टाच, मग पंजा, चिखल धरून. ते आम्ही त्यांना शिकवलं. आवाज रंजनाचा, चाल आमची.

काही दिवसांनी तिघं भाऊ फरफटायला लागले. त्या दिवशी रंजना माझ्या बाटलीतलं पाणी प्याली.

मग मी सरांना म्हटलं, तुमच्या संघाशी एक डाव खेळू द्या. सर गंमत पाहायला तयार झाले. पटांगण ओलं होतं, आम्ही अनवाणी. दूध प्यालेल्या पोरी कॅनव्हासच्या बुटांवर घसरत आमच्याकडे आल्या. हेडमास्तर व्हरांड्यात उभे होते. त्यांनी पाहिलं, म्हणून सरांना आम्हाला तालुक्याला, मोहाडीला न्यावं लागलं.

मोहाडीला जायच्या आधी रंजनानं मेंदी वाटली. "मले चिखल्या नाही झाल्या," ती म्हणाली, "तरी लावतो." आठही जणींनी पाय रंगवले. मोहाडीच्या मैदानावर लोक पायांकडे पाहून हसले आणि मग हसायचे थांबले. आम्ही तालुका जिंकलो.

आता भंडारा. जिल्ह्याची स्पर्धा. आमच्यातल्या कोणी भंडारा पाहिलं नव्हतं.

जायच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हाला वर्गात बोलावलं. माझ्याकडे आणि रंजनाकडे बोट केलं. "तुमी दोघी राहा. साहेबांची पुतनी अन् तिची मैत्रीन जाईल. पेपरात फोटो येते, शाळेची इज्जत हाये."

"कायले, सर?"

"आपले पाय पाह्यले का कधी?"

तोच वर्ग होता. तोच बाक. ह्या वेळी मला कोणी चढवलं नाही, मी स्वतः चढले आणि पाय वर केला.

"पाह्यले, सर. याच पायानं तालुका आनला."

रंजना माझ्या शेजारी चढली. तिनंही पाय दाखवला. मग बाकीच्या एकेक करत बाकांवर चढल्या. सर ओरडत होते. आम्ही खाली उतरलो, दोर सरांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर आलो. आमच्यातली सगळ्यात धाकटी रडत होती, तिला भंडाऱ्याचा मोठा पूल पाहायचा होता. पण परत आत गेली नाही.

सरांनी जुनाच संघ नेला. तो जिंकला की हरला, मी विचारलं नाही. जगातलं सगळं विचारणारी मी, पण तेवढंच विचारलं नाही.

आज मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरला राहते. नोकरी आहे, पायात चामड्याची चप्पल आहे. रविवारी गावी जाते. त्याच पाळीवर दोन्ही मोहल्ल्यांच्या पोरी दोर ओढतात, आवाज रंजनाची लेक देते, चाल मी शिकवते. मागच्या रविवारी शाळेतून एक नवे सर आले. बोलायला गोड. म्हणाले, "म्याडम, भंडाऱ्याले न्याले संघ चांगला हाये. फक्त दोन पोरी बदलवा लागन. वरून सांगनं हाये."

पोरी माझ्याकडे पाहत होत्या.

मी विचारलं, "कायले?"

ते हसले. मी हसले नाही. अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही. दर रविवारी मी तेच विचारणार आहे, त्यांना आणि त्यांच्या वरच्यालाही. तेव्हा आम्ही दोर टेबलावर ठेवून आलो, कारण दोर ठेवण्यापलीकडे आमच्या हातात काही नव्हतं. आता ठेवणार नाही. भंडाऱ्याला ह्याच आठ जणी जातील, मेंदी लावून जातील, आणि ज्याला त्यांचे पाय खुपतात त्यानं दोराचं दुसरं टोक धरावं.