मशीनवरचं मेणकापड

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मशीनला मेणकापड बांधलं ते. ती एका टोकाला उभी, मी दुसऱ्या. सुतळी ओढायला तिच्या हातात जोर राहिला नव्हता, म्हणून गाठी मी मारल्या आणि गाठ सुटू नये म्हणून तिनं वर बोट धरलं.

"अवो, चालंल ना असं बांधून?"

"चालंल गो. न चालायला काय झालं?"

पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमचं घर. इथं पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो. मृगाच्या आधी पश्चिमेची भिंत झाकायची, लाकडं झाकायची, गोठ्याचं तोंड झाकायचं. मी चौथीपर्यंत शिकलो, पण हे शाळेत जायच्या आधीपासून करतोय. त्यामुळं भिंतीबाहेर एवढी महागाची वस्तू उघडी ठेवणं मला बघवेना.

ती वस्तू म्हणजे हीट पंप. मुंबईला असलेल्या आमच्या मुलानं बसवला, आईसाठी. तिची छाती धुरानं गेलेली. न्हाणीत पाणचूल होती, अंघोळीचं पाणी तिच्यावर तापायचं, आणि पावसात ओली लाकडं फुंकून फुंकून ही दमायची. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आता धूर अजिबात नको. सोलर बसवावा तर आमच्याकडं चार महिने सूर्य दिसत नाही. गिझर लावला तर घरातले दिवे पणतीसारखे व्हायचे. मग मुलानं हे शोधलं. पेटीला पंखा, बाजूला टाकी. हवेतली ऊब ओढून पाणी तापवतं, वीज कमी खातं.

"या पावसात कुठली ऊब?" ही म्हणाली. "माझंच अंग गार पडलंय, त्याला काय देऊ?"

बसवायला पोलादपूरचा मेकॅनिक आला होता. चाळिशीचा माणूस, कामात चोख. पाया सिमेंटचा केला, पाइपांना काळा फोम गुंडाळला. पहिल्या दिवशी नळाला गरम पाणी आलं तेव्हा ही बादलीत हात घालून उभीच राहिली. मग मला म्हणाली, "चाळीस वर्षं मला फुकट फुंकायला लावलंत." मी म्हटलं, चाळीस वर्षांपूर्वी वीज तरी होती का? मेकॅनिक हसला. ती चहा टाकायला आत गेली, तेव्हा त्यानं मला एकट्याला सांगितलं, "काका, पावसानं याला काय होत नाय. पण झाकू नका. चारी बाजूनं मोकळं ठेवा, हवा मिळाली नाय तर बंद पडंल." मी मान डोलावली. असं सांगणारे पुष्कळ असतात, त्यांची घरं कुठं आडव्या पावसात उभी असतात, असं माझ्या मनात आलं. हिला मी ते सांगितलं नाही.

मेणकापड बांधल्यावर दोन दिवस पाणी कोमट आलं. तिसऱ्या दिवशी गार. पंखा फिरायचा, थांबायचा, पेटीवर लाल आकडा लागायचा. त्याच दिवशी वळणावर दरड आली. रस्ता बंद, टॉवर बंद, फोन कुणाला लावणार? मी म्हटलं गार पाण्यानं अंघोळ करू. ती म्हणाली, "गारठ्यानं तुमाला दमा चढतो, मग तुमचं कोण करील?" आणि पाणचुलीपुढं बसली. मी लाकडं घालायला गेलो तर म्हणाली, तुमाला पेटवता येत नाय, नुसता धूर करता. ते खरं होतं.

नऊ दिवस ती बसली. नऊ दिवसांत एकदाही ते मेणकापड सोडून बघावं असं माझ्या डोक्यात आलं नाही.

दहाव्या दिवशी जेसीबीनं दरड उचलली आणि आम्ही तिला महाडला नेलं. चार दिवसांनी गेली. डॉक्टर म्हणाले, छाती कित्येक वर्षांपासूनच खराब होती, नऊ दिवसांचं काय घेऊन बसता. त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं.

माणसं भेटायला येणार, अंगणात पाऊस. भावकीतल्यांनी जिथं मिळेल तिथलं कापड सोडवून अंगणावर ताणलं, त्यात मशीनवरचंही गेलं. मशीन आपोआप चालू झालं. दहाव्याला सगळे गरम पाण्यानं न्हाले.

बारावं झाल्यावर मुलानं मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पेटी उघडून तपासली.

"मशीन ओके हाय."

"मग नऊ दिवस बंद का होतं?" मुलाचा आवाज चढला. "माझी आई धुरात बसली तेवढे दिवस. मी कंपनीत तक्रार टाकतो. तुमचं काम बंद करतो."

मेकॅनिक माझ्याकडं वळला. "काका, वरनं काय झाकलं होतं का? मी नको म्हटलेलं."

मुलानं विचारलं, "म्हटले होते का बाबा?"

मी म्हटलं, "आठवत नाय. झाकलं तर नव्हतं."

मेकॅनिकनं माझ्याकडं बघितलं. पायाच्या कडेला सुतळीचा तुकडा अजून पडलेला होता, तो त्याला दिसला असणार. त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि भर पावसात मोटरसायकल काढून गेला. मुलानं पडवीत बसून मोबाइलवर तक्रार लिहिली आणि मला वाचून दाखवली. निष्काळजीपणा, असा शब्द होता त्यात. मी ऐकून घेतलं. जेवण काही गेलं नाही.

सकाळी मुलगा न्हाणीपुढं दात घासत होता. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, "कापड मी बांधलं होतं. त्यानं नको सांगितलेलं, मी ऐकलं नाय."

त्यानं ब्रश तोंडातून काढला. मग चूळ भरली. "आईला माहीत होतं?"

"नाय. ती विचारत होती, चालंल ना. मी चालंल म्हटलं."

त्यानं ब्रश पागोळीखाली धुऊन कोनाड्यात ठेवला. मला रागावला असता तर बरं झालं असतं. मी म्हटलं, ती तक्रार काढ, आणि त्याला फोन लाव. त्यानं लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडून "बोला" आलं, तेव्हा मी आधी माझं नाव सांगितलं, आणि मग तेच सगळं पुन्हा सांगितलं.