टॉवेलाखालचा हात

नांदूरघाटच्या जनावरांच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं मला फसवलं, हे आधीच सांगून टाकतो. हातगाडीपासून स्वतःच्या दुकानापर्यंत मी घासाघीस करतच आलोय. भावात मला कुणी हरवलं नव्हतं.

मला त्याची तांबडी गाय हवी होती. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं सांगत नाहीत, टॉवेलाखाली हातात हात घेऊन बोटं दाबून ठरवतात. म्हातारा गालात सुपारी घोळवत आभाळाकडं बघत होता आणि त्याची बोटं पहिल्या भावावरून हलत नव्हती. शेवटी मी ओरडलो, "आता मला राग आलाय. निघालो मी."

त्यानं हात सोडला नाही. "राग न्हाई मालक, वैताग हाय ह्यो. रागावलेल्याचा हात लाकडावानी ताठ व्हतो, त्यो उठून जातो. वैतागलेल्याचा ढिला पडतो, अन् त्यो कुटंच जात न्हाई. तुमी गाय घेऊनच जाणार."

भोवतीचे सगळे हसले. मला चीड आली ती माझ्याच हाताची. गाय त्याच्याच भावात घेतली.

गाय लई गुणी निघाली. चुकलं एवढंच, की ही गोष्ट मी हौसेनं घरी सांगितली. आता मी आवाज चढवला की बायको माझा हात हातात घेते, दाबून बघते आणि म्हणते, "वैताग हाय. चहा टाकते." मग मलाही हसू येतं.

माझ्या रागाला घरात कुणी भीत नाही. याचा जाब त्या म्हाताऱ्यानं येत्या बाजारी मला द्यावा.