अंगदची पाठ

कचरूनं उभा जन्म विहिरी खोदल्या. परतूरहून मंठ्याकडं जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्याच्या हातच्या विहिरी आहेत. वरची काळी माती कुणीही काढतो. मुरूमही निघतो. त्याखाली पाषाण लागला की निम्मे गडी घरी जातात. कचरू कधी गेला नाही. ज्या दिवशी पहार उचलताना मनगट थरथरलं, त्या दिवशी तो आपणहून वर आला आणि मुकादमाला म्हणाला, "आता माझ्यानं होत न्हाई." त्याच्या जागी त्याचा एकुलता मुलगा अंगद खाली उतरला.

अंगद कामाला बापासारखाच होता, फक्त बोलका. विहिरीच्या तळातून वरच्यांची चेष्टा करायचा. वरून टोपलं सोडलं की खालून गाणं म्हणायचा.

उन्हाळा लागता लागता एका विहिरीच्या काठाची दरड सुटली. अंगद तेव्हा यारीच्या टोपल्यातून वर येत होता. यारी म्हणजे काठावर बसवलेलं, दगडमाती वर ओढणारं यंत्र; माणसंही त्याच लोखंडी टोपल्यात उभी राहून ये-जा करतात. दगड टोपल्यावर आदळला आणि अंगद पाठीवर पडला तो तळाच्या खडकावर. मणका मोडला. संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. कमरेखालचं गेलं, ते परत येणार नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

घरी सोडताना तिथल्या सिस्टरनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. ह्याला कमरेखाली काही कळत नाही. कातडी सडली तरी कळणार नाही. म्हणून एका अंगावर पडू द्यायचं नाही. दिवसा-रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, रोज पाठ उघडी करून बघायची. जरा लाल दिसली तरी दवाखाना गाठायचा.

कचरूनं ते काम शिकून घेतलं. अंगदची बायको वंदना दुसऱ्या बाजूनं धरायची. दोघांत बोलणं लागत नव्हतं. गजर वाजला की दोघं उठायचे, वळवायचे, पाठ बघायचे, पुसायचे, पुन्हा आडवे व्हायचे. कचरूचे आई-बाप आजारी पडले तेव्हाही एवढी निगा झाली नव्हती. कामात कसूर नव्हती. पण ह्या कामाला शेवट दिसत नव्हता. विहीर कितीही कठीण असली तरी कधीतरी पाणी लागतं. इथं काय लागणार, हे कचरूला समजत नव्हतं, आणि विचारायचं कुणाला तेही समजत नव्हतं.

"एवढं करून राह्यलो," त्याची बायको साळूबाई एकदा म्हणाली, "पण देवाजवळ मागून कुठं राह्यलो?"

घर ख्रिस्ती. कचरूचा बाप विश्वासात आला, तेव्हापासूनचं. गावात अशी घरं थोडी. रविवारी सगळी मिळून पास्टर शलमोन यांच्या पत्र्याच्या खोलीत बसायची; हीच त्यांची मंडळी. साळूबाईनं तिथं शब्द टाकला आणि मंडळीनं कचरूच्या घरी उपास-प्रार्थना ठरवली. बायामाणसं सकाळपासून उपाशी यायची, अंगदच्या बाजेभोवती चटईवर बसायची. ढोलकीवर गाणी व्हायची. मग एकेकानं उठायचं, अंगदच्या पायावर हात ठेवायचा आणि मागायचं. सगळ्यांचं मागणं एकच. हा चालू दे.

तिसऱ्या का चौथ्या बैठकीत चादरीखाली अंगदचा उजवा पाय ताठ झाला, गुडघ्यात वाकला आणि थरथरत सरळ झाला. ढोलकी थांबली.

"आबा," अंगद म्हणाला, "मी न्हाई केलं."

"मंग कुणी केलं?" साळूबाई म्हणाली आणि तिनं डोळ्याला पदर लावला.

रविवारी कचरू साक्ष द्यायला उभा राहिला. देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगायचं, त्याला साक्ष म्हणतात. एवढी वर्षं तो दाराशी बसणारा माणूस. "माझ्या पोराचा पाय हालला. मी बघितला," एवढं बोलून तो खाली बसला. त्याच्या बोलण्यात पदरचं काही नव्हतं, म्हणूनच लोकांना ते खरं वाटलं. टाळ्या वाजल्या. बायका रडल्या. आजूबाजूच्या गावांतल्या मंडळ्यांत बातमी गेली.

मग माणसं यायला लागली. मंठ्याकडची, परतूरची, कुठली कुठली. येणाऱ्याला पाय बघायचे असत. बरा होत असलेला माणूस निजलेला बरा दिसत नाही, म्हणून साळूबाईनं अंगदला उशा लावून बसतं करायला सुरुवात केली. पास्टरही म्हणाले, "विश्वासानं बसवा. बसला की उभा राहील." ते काही लबाड नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं.

अंगदला तर सगळ्यांत जास्त. तो म्हणायचा, "आबा, आणखी थोडं बसतो." पाय आता रोज उडायचे, बसल्या बसल्या जास्तच. उडाले की हसायचा, "बघा, बैल कसा लाथा मारतो." दिवसचे दिवस तो माकडहाडावर भार टाकून बसला. गजर वाजायचा, पण घरात पाहुणे असायचे. चारचौघांसमोर पोराची पाठ उघडी कशी करायची? कूस बदलणं राहून जाऊ लागलं. कचरूला हात रिकामे सोसत नव्हते. त्यानं अंगणात दोन्ही बाजूंना बांबू रोवून, आडवे पाइप बांधून चालायची वाट केली. एकेक खांब गुडघाभर खोल गाडला. अंगदचा भार पडला तरी हलणार नाही, असा. आयुष्यात त्यानं इतक्या चोखपणे केलेलं आणि इतकं निकामी दुसरं काम नाही.

यारी चालवणारा भिवा त्याचा जुना जोडीदार. मंडळीतला नव्हे. तो आला आणि त्या बांबूंकडं बघत राहिला.

"कचरूभाऊ, पोराला सर्कशीत घालता का काय?"

"चालायची सवय लागंल."

"डॉक्टरला दाखवलं का पाय हालतो म्हणून?"

"डॉक्टरच्या वरच्याला दाखवलंय," साळूबाई आतून म्हणाली.

"बरंय. मंग त्याला म्हणावं, माझ्या पिकअपचा क्लच पण बघ जरा," भिवा म्हणाला. कुणी हसलं नाही. तो चहा पिऊन गेला.

वंदनाचं माहेर ख्रिस्ती नव्हतं. लग्नानंतर ती मंडळीत येऊ लागली होती आणि अजून मागच्या रांगेत बसायची. चादर धुणारी तीच. एका सकाळी ती कचरूजवळ येऊन हळू म्हणाली, "मामा, चादरीला डाग हाय. वास येतो."

कचरू उठायला लागला. साळूबाई म्हणाली, "घाम असंल. पाऊस न्हाई, वारं न्हाई. आता देव करून राह्यला तर मधी शंका नको आणू, वंदे."

"शंका न्हाई आत्या. पाठ बघते नुसती."

"जाफराबादची मानसं येऊन बसल्यात. ती गेल्यावर बघ."

कचरू पुन्हा खाली बसला. मुरुमातला ओलावा हाताला लागला तर दरड सुटेल म्हणून तो सगळं काम थांबवायला लावायचा, असा माणूस. त्या सकाळी तो बसला. साक्ष आपण दिली होती. ती देवाच्या नावानं दिली होती. पाठ उघडून बघणं म्हणजे त्या साक्षीखाली हात घालून चाचपणं, असं काहीतरी त्याच्या मनात आलं.

पाहुणे गेले तेव्हा अंगदला हुडहुडी भरली होती. दात वाजत होते आणि पाय थांबायला तयार नव्हते. कचरू आणि वंदनानं त्याला वळवलं, सदरा वर केला. माकडहाडावर काळं पडलं होतं. वंदनानं कापसानं टिपलं तर ते काळं कापसाबरोबर निघून आलं. आत खड्डा.

भिवाच्या पिकअपमध्ये गादी टाकून त्याला जालन्याला नेलं. दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी सडलेलं सगळं कापून काढलं आणि बाहेर येऊन विचारलं, "पाय जास्त उडत होते का?"

"हो. रोज," कचरू म्हणाला. "आम्हाला वाटलं, बरं होऊन राह्यलं."

"मणका गेला की पाय आपोआप उडतात. ते त्याच्या हातात नसतं. आणि त्याला दुखणं कळत नाही ना, शरीर मग असं सांगतं. खाली जखम वाढली की पाय जास्त उडतात."

"म्हणजे ते बरं होणं नव्हतं."

"नाही, बाबा."

मंडळीनं टाळ्या वाजवल्या होत्या त्या कशाला, हे कचरूला कळलं. पोराचं अंग कुजत होतं आणि मदत मागत होतं. त्यावर त्यांनी गाणी म्हटली होती.

पंधरवड्यानं अंगदला घरी सोडलं. जखम हाडापर्यंत गेलेली. नीट राखली तर हळूहळू भरेल, पुन्हा ताप चढून विष रक्तात गेलं तर आम्ही काही सांगू शकत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कचरूनं अंगणातले बांबू उपटले. पुन्हा गजर लागला. आता त्याला वळवलं की वंदना पट्टी सोडायची, मिठाच्या पाण्यानं धुवायची, नवी भरायची. अंगद हसायचा बंद झाला. मग बोलायचा बंद झाला. मग जेवायचाही. भाकरीचा तुकडा तोंडाशी नेला की मान फिरवायचा. उपाशी माणसाची जखम भरत नाही. हे कचरूला ठाऊक होतं, अंगदलाही ठाऊक होतं.

कचरू मंडळीत गेला नव्हता. एका दुपारी पास्टर शलमोन स्वतःच आले. वंदना तेव्हा पट्टी बदलायच्या तयारीत होती.

"प्रभूची स्तुती असो, कचरूभाऊ. तुम्ही दिसला नाहीत म्हणून..."

"पास्टर, हात धुवा," कचरू म्हणाला. "खांद्याला धरायला माणूस पाहिजे. साळूचे हात कापत्यात."

पास्टरांनी साबण लावून हात धुतले. अंगदला कुशीवर केलं. वंदनानं पट्टी काढली. मूठ जाईल एवढी जखम होती. तळाशी पांढरं दिसत होतं ते हाड. पास्टर बघत राहिले.

"मला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले.

"मलापण न्हाई. पण बघायचं काम माझं होतं. तुमचं नव्हतं."

अंगद भिंतीकडं तोंड करून होता. कित्येक दिवसांनी तो बोलला. "प्रार्थना करायला आले ना पास्टर? करा की."

पास्टरांनी डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या," म्हणाले आणि पुढं काही आलं नाही. तासभर अडखळल्याविना मागणारा तो माणूस.

"राहू द्या. मीच करतो," अंगद म्हणाला. "देवा, माझ्या बापानं लोकांत सांगितलं की तू माझे पाय हालवले. तू न्हाई हालवले. असू दे. आता पाय नको. आबा आन् वंदना, दोघं थकली. वंदनाचं वय काय गेलेलं न्हाई. मला उचल. जल्दी उचल. येशूच्या नावानं मागतो."

एकानं मागितलं की ऐकणाऱ्यांनी आमेन म्हणायचं, अशी रीत. आमेन म्हणजे हे आमचंही मागणं. साळूबाईच्या तोंडातून सवयीनं 'आ' निघाला. तिनं पदर तोंडात कोंबला. पास्टरांचे ओठ हलले नाहीत. वंदना पट्टी हातात धरून उभी होती.

"आमेन म्हणा की, आबा," अंगद म्हणाला.

"न्हाई."

"मंडळीत कुणाच्या मागण्याला न्हाई म्हणत्यात का?"

"न्हाई म्हणत. मी म्हणून राह्यलो."

"तुम्ही न्हाई म्हटलं म्हणून तो थांबणार हाय का?"

"ठाऊक न्हाई. माझं नाव त्यात घालू नको, बास."

"मंग तुम्ही काय मागता? पाय?"

"पाय मागायचं सोडलं."

"मंग काय?"

कचरूचा उजवा हात पोराच्या मांडीखाली होता आणि त्या हाताला पोराचं वजन कळत होतं. ते निम्म्यावर आलं होतं. "आजच्यापेक्षा जखम उद्या मोठी नको," तो म्हणाला. "आणि तू चार घास खा. एवढंच मागतो. त्याच्याकडं आणि तुझ्याकडं पण."

"आन् परवा?"

"परवाचं उद्या मागू."

अंगदनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. कचरूच्या त्या मागण्यालाही कुणी आमेन म्हटलं नाही. बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत खोलीत सगळे तसेच होते.

"मामा, धरा नीट," वंदना म्हणाली. "जखम उघडी हाय."