कोर्सचा रकाना

सैन्यात चोवीस वर्षं मी बंदुकीपेक्षा पेन जास्त चालवलं आणि मला त्याची तिळमात्र लाज वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण सुट्टीवर माझ्या गावी, भोंगवलीला आलो की विहारासमोरच्या ओट्यावर कुणीतरी हमखास विचारायचं, बॉर्डरवर काय केलंस? मी क्लार्क आहे म्हटल्यावर माणसं हिरमुसायची. पलटणीतले जवानही आम्हाला बाबू म्हणायचे, आणि त्यात थोडा टोमणा असायचाच. पण एखादा भत्ता अडकला किंवा बायकोचं नाव कागदावर चढायचं राहिलं की हेच पठ्ठे माझ्या टेबलासमोर गुपचूप उभे असायचे.

लोकांना वाटतं क्लार्क म्हणजे टायपिंग. जवानाचं लग्न मांडवात लागलं म्हणून भागत नाही. आमच्या ऑफिसातून त्याचा भाग दोनचा आदेश निघतो, तेव्हा कुठे त्याची बायको सैन्याच्या लेखी बायको होते. पोर जन्मलं, बढती मिळाली, माणूस गेला, सगळं त्याच आदेशात. आदेश निघाला नाही तर ती गोष्ट घडलीच नाही असं धरायचं. शेकडो माणसांची आयुष्यं मी अशी कागदावर सांभाळली. बाहेरच्या जगात या कामाला एचआर म्हणतात आणि ते करणाऱ्याला केबिन देतात, हे मला फार उशिरा कळलं.

निवृत्ती जवळ आली की आमच्याकडे प्रत्येकाला एक कोर्स करता येतो. बाहेर पडल्यावर माणसाने पोट भरावं म्हणून फी सैन्यच भरतं. कोर्सची यादी येते, फॉर्म येतात, आणि ते भरून घेणं, पुढे पाठवणं माझंच काम होतं. आमच्या ऑफिसची पद्धत अशी की जवानाने फॉर्म पेन्सिलने भरायचा आणि क्लार्कने वरून पेनाने पक्का करायचा. फॉर्म मोजकेच येत, वाया जायला नको म्हणून ही युक्ती. माझी पाळी आली तेव्हा ती यादी मी पहिल्यांदा स्वतःसाठी वाचली. त्यात पुण्यातल्या एका कॉलेजचा सहा महिन्यांचा मनुष्यबळ व्यवस्थापनाचा कोर्स होता. मी पेन्सिलीच्या भानगडीत न पडता तो थेट पेनाने रकान्यात लिहिला.

आमचे मेजरसाहेब वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, मनाने चांगले. फॉर्म वाचून हसले. म्हणाले, हा कोर्स अधिकारी घेतात, तुम्ही सुरक्षा रक्षकाचा घ्या, बाकी सगळे तोच घेतात आणि नोकरीही लगेच लागते. पदाची अट कुठे लिहिली आहे ते दाखवा, मी म्हटलं. लिहिलेली नाही, पण तशी पद्धत आहे, असं उत्तर आलं.

घरी फोन केला तर तिथेही तोच पाढा. माझा चुलतभाऊ नसरापूरच्या आसपासच्या कंपन्यांना गेटवर उभी करायला माणसं पुरवतो. त्याने मला विचारलंसुद्धा नाही, थेट वर्दीसाठी छातीचं माप मागितलं. माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने चोवीस वर्षं दुसऱ्यांची नोकरी, पेन्शन, वारस सगळं चोख लावून दिलं, त्याच्या हातात शेवटी काठी आणि शिट्टी? तेवढ्यात आईने फोन घेतला. तिला कोर्सबिर्स काही कळत नव्हतं, पण तिने एकच विचारलं.

"तुला बसून काम येतंय न्हवं? मंग उभं ऱ्हायाचं शिकाया आनि कशाला जायाचं?"

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर गेलो. म्हणालो, "साहेब, तोंडी नकार मला फाइलला लावता येत नाही. कागदावर द्या."

ही काही बेअदबी नव्हती, आमच्या धंद्यातली साधी गोष्ट होती. कागदावर आवक क्रमांक पडला की लेखी उत्तर मिळेपर्यंत तो कुणाच्या तरी डोक्यावर बसून राहतो. आणि लेखी नकार द्यायचा तर खाली नियम लिहावा लागतो. नियम नव्हताच, हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण नियमांची पुस्तकं माझ्याच कपाटात होती. दर सोमवारी मी माझ्याच फॉर्मचं स्मरणपत्र टाइप करून, माझ्याच हाताने नोंदवून साहेबांच्या टेबलावर ठेवत गेलो. तिसऱ्या सोमवारी त्यांनी सही केली. म्हणाले, बाबू, तुम्ही फार हट्टी आहात. मी म्हटलं, हट्टी नाही साहेब, क्लार्क आहे.

वर्गात माझ्या बाजूला बसणारी पोरं माझ्या लेकीच्या वयाची होती. पहिल्या महिन्यात मला निम्मंच कळायचं. पण रजा, शिस्तभंग, वारस, ग्रॅच्युइटी हे विषय आले तेव्हा पोरंच माझ्याकडे वही घेऊन यायला लागली. मी पास झालो, चांगल्या गुणांनी झालो. गावी येऊन वरवे बुद्रुकजवळच्या एका लहान कारखान्यात एचआर असिस्टंट म्हणून लागलो. चुलतभावाला मुद्दाम फोन करून सांगितलं, माप राहू दे.

पहिल्या दिवशी वडापच्या जीपमधून उतरून गेटवर गेलो. नवीन शर्ट, छाती फुगलेली. आतला रक्षक खुर्चीतून उठला, टाच जुळवली आणि कडक सॅल्यूट ठोकला. मी ओळखलं. आमच्याच पलटणीतला, वेल्ह्याकडचा जवान, माझ्या दोन वर्षं आधी बाहेर पडलेला. थंडीत चौकीवरचा जनरेटर बंद पडला की मेकॅनिकच्या आधी याला उठवायचे. अंधारात, न बघता, नुसत्या बोटांनी तो बिघाड काढायचा. इथे तो ट्रकांचे नंबर लिहीत होता.

मग मला त्याचा कोर्सचा फॉर्म आठवला. याने रकान्यात पेन्सिलने लिहिलं होतं, फ्रीज-एसी दुरुस्ती. त्या कोर्सला जागा कमी, उत्तर उशिरा येणार, आणि मला त्याच दिवशी यादी पाठवायची होती. मी खोडरबर घेतला, त्याचं पुसलं आणि वर सुरक्षा रक्षक असं पेनाने लिहिलं. त्याला विचारलंही नाही. अशी किती नावं असतील याचा हिशोब मी ठेवलेला नाही, आणि मी हिशोब ठेवणारा माणूस आहे.

चार दिवस मी मान खाली घालून गेटमधून आत जात राहिलो. पाचव्या दिवशी थांबलो आणि विचारलं, तो फॉर्म आठवतो का? तो जरासा हसला.

"तुमचं अक्षर लई चांगलं, बाबू. खालचं खोडलेलं दिसत बी न्हवतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मेजरसाहेबांशी, चुलतभावाशी, साऱ्या गावाशी मी भांडलो होतो, आणि पद्धत पद्धत म्हणून जिच्या नावाने बोटं मोडली, ती पद्धत इतकी वर्षं माझ्याच हाताने चालत होती. मला माझी लाज वाटली. पण लाज वाटून घेऊन गप्प बसणं मला जमत नाही.

कारखान्यात कामगारांच्या प्रशिक्षणासाठी निधी आहे. त्यातून या जवानाला कोर्स मिळावा म्हणून मी अर्ज केला आणि मॅनेजरकडे लेखी उत्तर मागितलं. सैन्यात या युक्तीने तीन सोमवारांत काम झालं होतं. इथे दोन मिनिटांत मेल आला, कारणासकट: रक्षक कंत्राटदाराचा माणूस आहे, आपल्या पटावर नाही. माझं हत्यार माझ्यावरच उलटलं. मग मी तोच मेल छापून फाइलला लावला. मॅनेजरना लिहिलं, पटावर नाही म्हणता, तर पटावर घ्या. देखभाल विभागात हेल्परची एक जागा रिकामीच होती. गेटवरची माणसं आत चालत नाहीत, असं मॅनेजर म्हणाले. ते तोंडी बोलले, म्हणून मी ऐकलंच नाही असं धरलं.

काल दुपारी भरतीचा कोरा फॉर्म घेऊन मी गेटवर गेलो. त्यात एक रकाना आहे, कोणतं प्रशिक्षण हवं. जागा मिळेल की नाही हे मला ठाऊक नाही, हे त्याला आधीच सांगितलं. तो वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल शोधायला लागला. मी माझं पेन पुढे केलं.

"चुकलं तर?" त्याने विचारलं.

चुकलं तर दुसरा फॉर्म आणतो, मी म्हणालो. तो खुर्चीत बसला आणि वाकून लिहायला लागला. तेवढ्यात बाहेर टेम्पो येऊन हॉर्न वाजवायला लागला. तो उठायला गेला, मी त्याला खांदा दाबून बसवलं आणि काठी घेऊन बाहेर आलो. टेम्पोवाल्याने मला रक्षक समजून चलन पुढे केलं. मी गाडीचा नंबर लिहिला, गेट उघडलं, आणि त्याचं लिहून होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.