ऑपरेटरमामांचं दार

ऑपरेटरमामांना थंडी कानाने कळायची. कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजचा आवाज ऐकायचे आणि चहा यायच्या आत निकाल द्यायचे, "रबर गेलंय याचं. गार बाहेर पळतंय." घरच्या बाई ओशाळायच्या, मामा मात्र खुशाल पाय पसरून बसायचे.

हे माझे सख्खे मामा. पिंपळगाव बसवंतला एका कोल्ड स्टोरेजमध्ये तीस वर्षं मशिनवर होते. कुणी फ्रिज उघडून उभं राहिलं की पेपरातून मान वर न करता गरजायचे, "दार!" लहानपणी मी त्यांच्याकडे माठातलंच पाणी प्यायचो.

द्राक्षांच्या हंगामात त्यांना रजा नसायची आणि हंगाम संपला की मशिनची दुरुस्ती निघायची. त्यामुळे मामी लग्नकार्याशिवाय कुठे गेल्या नाहीत, आणि तिथेही त्या स्वयंपाकघरातच सापडायच्या. मामा निवृत्त झाले तेव्हा म्हणाले, "बोल, कुठं जायचं?"

"कुठंही न्या," मामी म्हणाल्या. "पण तीन दिवस मी गॅसपाशी जाणार नाही. आणि हॉटेलातलं मला सोसत नाही."

मामांनी शब्द दिला. जुनी व्हॅन घेतली, सातपूरच्या वर्कशॉपमधून तिच्यात फळ्या ठोकून घेतल्या, एक बॅटरी आणि वरून उघडणारा छोटा फ्रिज बसवला. तीन दिवसांचा स्वयंपाक आम्ही मामा-भाच्यांनी आधीच केला. मामी फक्त मीठ चाखायला. मग सगळे डबे दिवसभर घरच्या फ्रिजमध्ये गार केले. मी घाई केली तर मामा म्हणाले, "द्राक्षं बी आधी गार करत्यात, मग स्टोअरला लावत्यात. ही बॅटरी गार राखंल, गार करत बसली तर मरंल."

पेठच्या पुढे धरणाकाठच्या माळावर आम्ही मुक्काम टाकला. विजेचा खांबही दिसत नव्हता. मामी खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसल्या, आणि मामा त्यांना ताट नेऊन देत होते. हे दृश्य आमच्या घराण्यात कुणी पाहिलेलं नव्हतं.

माती खाल्ली मी. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा डोळा लागलेला बघून टपरीवरून आणलेल्या सरबताच्या सहा गरम बाटल्या फ्रिजमध्ये कोंबल्या. तासाभराने मामा दचकून उठले.

"मशिन थांबंना झालंय. भाचेबुवा, आत काय घातलं?"

बॅटरीवरच्या चार दिव्यांपैकी एकच उरला होता, आणि गाडीच्या इंजिनावर ती भरायची सोय आम्ही केलेली नव्हती. मामींनी एकदा फ्रिजकडे पाहिलं आणि खुर्चीचे हात धरून उठायला लागल्या. "राहू द्या. तीन दगड मांडते, पिठलं टाकते."

"बस खाली!" मामा ओरडले. "दिलेला शब्द हाय माझा."

त्यांनी बाटल्या बाहेर काढल्या, मला व्हॅन आंब्याच्या सावलीत घ्यायला लावली, गरम हवा बाहेर टाकणारी जाळी मोकळी सोडून फ्रिजभोवती मामींची गोधडी गुंडाळली. ऊन उतरल्यावर फ्रिजचं बटण बंद केलं, ते सकाळीच लावलं. तोवर झाकण उघडायचं नाही, रात्री फक्त चिवडा-लाडू.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामांनी झाकण उघडलं. शेवटच्या डब्यात श्रीखंड होतं. त्यांनी वाटी भरली, मामींपुढे धरली आणि आंबट आहे की काय म्हणून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मामींनी चमचा तोंडात घातला. "दात शिवशिवले हो," त्या म्हणाल्या. मामांनी माळावर अक्षरशः फुगडीचा फेर धरला, एकट्यानेच.

पुढे दरवर्षी जात राहिलो. गेल्या वर्षी मामा वारले. यंदा मामींनीच गाडी काढायला लावली. त्याच आंब्याखाली फ्रिज उघडून मी मामांच्या आठवणीने डोळे पुसत उभा राहिलो, तेवढ्यात मागून आवाज आला, "दार!"

मी झाकण लावलं आणि वळून बघितलं. गरजल्या होत्या मामी, पण खुर्चीतून उठल्या नव्हत्या.