गोरिले पाहायला निघालेल्या चतुराबाई

नागसेननं आफ्रिकेत तिथलीच बायको केली आणि आता आईबापाला तोंड दाखवायला लाजतो, ही बातमी वलगावात पहिल्यांदा माझ्या कानात पडली ती दसऱ्यानंतरच्या आठवड्यात. कोणी सांगितली ते आत्ताच विचारू नका. दिवस मावळायच्या आत मी ती पानठेल्यावर पोचवली, हे मात्र कबूल. गरम बातमी मला फार वेळ हातात धरवत नाही.

नागसेन म्हणजे डोमाजी आणि चतुराबाईंचा एकुलता एक मुलगा. युगांडात पर्यटकांना फिरवणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक. तिथल्या जंगलात डोंगर चढून गोरिले पाहायला परवाना लागतो; तो त्यानं आईच्या नावानं आधीच काढून ठेवला होता, जानेवारीतल्या तारखेचा. चतुराबाई सत्तावीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होत्या. लोकांच्या लेकरांना तक्त्यावरची जनावरं दाखवण्यात जन्म गेला, म्हणून लेकानं एकदा खरं दाखवायचं ठरवलं. डोमाजींचं जाणं शक्यच नव्हतं. त्यांचं हृदय इतकं थकलेलं, की धक्का बसेल असं काही यांच्या कानावर घालू नका, म्हणून डॉक्टरांनी बजावलं होतं.

आता वलगाव पडलं तव्यासारखं सपाट. चढाव आणायचा कुठून? चतुराबाई रोज सकाळी पाण्याच्या टाकीचा जिना चढायच्या, उतरायच्या. मग तुरीच्या वावरात शिरायच्या. अकोल्याहून मुलगी रश्मीनं बूट आणून दिले होते. भाच्याची पॅन्ट, तिचे पाय मोज्यात खोचलेले, हातात जाड हातमोजे. तिकडे अंगाची आग करणारी झाडं असतात म्हणे. डोमाजी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, प्लास्टिकची खुर्ची टाकून मास्तरकी करायचे.

"पाय उचल! अशी चालशीन तं गोरिलाच तुले पाह्याले खाली येईन."

"तुमी चूप बसा. बोलून बोलून तुमालेच धाप लागते."

खोकला असला तर जंगलात घेत नाहीत, आपली सर्दी त्या जनावरांना लागते. झालं, ठसका नको म्हणून दोन महिने त्या घरात मिरचीची फोडणी पडली नाही. डोमाजी फिकं वरण खायचे आणि गावभर तक्रार करायचे.

गोरिला समोर आला की मान खाली घालून बसायचं, हीसुद्धा तालीम झाली. गोरिला झाले डोमाजी. चतुराबाई तुरीत मान घालून बसल्या.

"अशी तं लग्नातही नाही बसली माह्यासमोर!" डोमाजी खदखदून हसले.

बाईंनी मान लवकर वर केलीच नाही. वर केली तेव्हा डोळे वाहत होते. "कचरा गेला," म्हणाल्या.

मुलावर डोमाजी आधी भयंकर चिडलेले. "फोन नाही करत तं नको करू म्हना!" पण डिसेंबर सरता सरता ते ऑटो करून अमरावतीला गेले आणि एक मोतिया रंगाची साडी घेऊन आले.

"सुनेले दे," बायकोला म्हणाले. "अन् त्याले सांग, बाप रागावला नाही. एक डाव दोघं घरी या. माह्यापाशी लय दिवस नाहीत."

मी बसलोच होतो तिथं. म्हटलं, "डोमाजी, सूनबाईले तुमची बोली समजन काय?"

"तुमच्या चुगल्या मले समजते, तं तिले माही बोली नाही समजन?"

चतुराबाई साडीची घडी घालत होत्या. घातलेली मोडत, पुन्हा घालत.

जानेवारीत त्या निघाल्या आणि पंधरा दिवसांनी परतल्या. डोमाजी दारातच उभे. बायकोच्या मागं कोणी नाही हे पाहिलं आणि विचारलं, "आला नाही?"

"काम हाय त्याले."

"अन् सून?"

"साडी नेसली. चांगली दिसते."

डोमाजींचा चेहरा असा उजळला, की मला टोमणासुद्धा सुचला नाही. गोरिला दिसला का, म्हणून शेजारणींनी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "व्हता एक मोठा, पांढऱ्या पाठीचा. लेकरू पोटावर निजलं व्हतं त्याच्या. ते उठन म्हनून हालत नव्हता."

मार्चमध्ये डोमाजी गेले. शेवटच्या आठवड्यातही येईल त्याला सुनेच्या साडीचा रंग सांगत होते. पुढं रश्मीनं मला सगळं सांगितलं.

नागसेन दसऱ्याच्या अकरा दिवस आधी तिकडेच गाडीच्या अपघातात मेला होता. त्याचं लग्न झालं नव्हतं. फोन का येत नाही हे डोमाजींनी विचारू नये म्हणून लग्नाची बातमी चतुराबाईंनीच रचली, आणि ती गावभर व्हावी म्हणून माझ्या कानात घातली. आफ्रिकेतून त्यांनी त्याच्या अस्थी आणल्या, त्या मोतिया साडीत गुंडाळून. त्या अकोल्याला रश्मीच्या घरी ठेवल्या होत्या.