अण्णांना दिलेला घोट

अण्णा गेले त्या दिवशी मी बीडच्या कॉलेजात तास घेत होतो. नेकनूरला पोचलो तेव्हा आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना भिंतीशी बसवलं होतं, कपाळाला भस्म लावून. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

अण्णा माझे थोरले भाऊ. नेकनूरला त्यांचं किराणा दुकान. ढेप फोडायच्या आधी नुसत्या वासावरून ते सांगायचे, गूळ करपलाय की खारा उतरलाय.

ते जाण्याआधी चार महिने, एका मित्रानं बीडला माझ्या घरी बेल्जियन धाटणीच्या काळ्या बिअरची बाटली आणली होती. ही बिअर नेहमीच्या बिअरपेक्षा पुष्कळ कडक, आणि ती फार गार पीत नाहीत. म्हणून रुंद पेल्यात ओतून आम्ही थांबलो होतो. रंग काकवीचा, वर दाट फेस. तेवढ्यात अण्णा आले.

"काढा हाय का?"

"वासावरून ओळखा बरं," मी म्हणालो.

त्यांनी पेला नाकाशी नेला. "करपवलेली साखर. मनुका, खजूर. लवंग लई पडली रे."

लवंग तिच्यात नसतेच. तो वास ती आंबवणाऱ्या खमिराचा. मी पुस्तकात वाचलेलं त्यांना एका श्वासात कळलं. अण्णा दारूला कधी शिवत नसत; मी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. ते आणखी काय सांगतात, ते मला ऐकायचं होतं. त्यांनी घोट घेतला.

"वास गोड, पण शेवटाला कोरडं. छातीत ऊब येती."

यातली दारू जिभेला लवकर सापडत नाही. मित्र हसला. "अण्णा, बिअर हाय ती! आता तुमी आमच्यातले!" मीही हसलो.

अण्णांनी सदऱ्यावरून गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. नळावर जाऊन चुळा भरल्या, कितीतरी वेळ. चपला घालताना म्हणाले, "तुला ठाऊक हुतं, मग कावून बोलला न्हाईस?"

ते पुन्हा माझ्या घरी आले नाहीत. माफी मागायला मी दोनदा एसटीनं नेकनूरला गेलो आणि दुकानात बसून, पिकापाण्याचं बोलून परतलो.

अण्णा गेल्यावर तिसऱ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "भावजी, तुमच्याकडं यायचं कावून सोडलं हुतं ह्यांनी?"

"गुडघे दुखायचे त्यांचे."

"मला कदी बोलले न्हाईत."

नवऱ्याचं दुखणं आपल्याला कळलं नाही, असं वहिनींना वाटतं. मी त्यांना खरं अजून सांगितलेलं नाही.